कासवांचे बाप

शेळगावकर सर वारले असं परवा फोनवर कळलं, आणि मला वाईट वाटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. सरांसारख्या माणसांना ती रीत फार सोयीची पडते. फोन करणारा कॉलेजातला जुना विद्यार्थी होता. म्हणाला, "आम्ही स्मरणिका काढतोय. तुम्ही सात वर्षं त्यांच्या हाताखाली होता, दोन पानं लिहा. कासवांवरच्या त्यांच्या कामाबद्दल तर लिहाच." मी बरं म्हटलं. ही ती पानं. स्मरणिकेत ती छापणार नाहीत, हे मलाही कळतं.

बहात्तरचा दुष्काळ ओसरून दोनेक वर्षं झाली असतील. उस्मानाबादच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. विभागप्रमुख होते प्राध्यापक श्रीपाद शेळगावकर. उंच, गोरे, पाठ ताठ, सफारीच्या खिशात अत्तराचा फाया. निजामाच्या काळात घराकडे इनामाची दोन गावं होती. ती जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण ती बातमी सरांपर्यंत पोचलेली दिसत नव्हती. पहिल्या दिवशी मी पाया पडलो तर त्यांनी पाय मागं घेतले आणि विचारलं, "कुणाचा तू?"

"सर, अणदूरचा."

"गाव नाही विचारलं. कुणाचा?"

"वडील शिवणकाम करतात. खंडोबाच्या जत्रेत झबली-टोपडी विकतात."

सरांनी जरा वेळ माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे सांगण्यासारखं काही नाही," असं म्हणून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

हा 'कुणाचा?' त्यांच्या तोंडात पानासारखा कायम असायचा. प्रवेशाला आलेल्या प्रत्येक पोराला तो विचारला जाई. बाप कारखान्याचा डायरेक्टर निघाला की, "अरे, तू यांचा! बैस, बैस," म्हणून खुर्ची मिळे. बाप सालगडी असला की पोरगं उभ्यानंच फॉर्म भरी. प्रॅक्टिकलचे मार्कसुद्धा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. बेडूक कुणी कसा फाडला याच्याशी सरांना कर्तव्य नव्हतं.

फक्त एका माणसाला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. तो म्हणजे आमचा लॅब अटेंडंट गंगाराम. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा, छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातला, घरातला पहिला पगारी माणूस. मॅट्रिक झालेला, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पण आठ वर्षं टेम्पररी. दर जूनला नवी ऑर्डर निघायची आणि दर एप्रिलला संपायची. त्याला कायम करायचा कागद सरांच्या टेबलाच्या खणात सहीसाठी पडून होता. सही झाली की गंगाराम जन्माचा सुटणार होता. सर खण उघडत, आतला पितळी अडकित्ता काढत, सुपारी कातरत आणि खण लावून टाकत. गंगाराम दारात उभा राहून ते बघायचा.

कॉलेजच्या मागं एका खोलीत तो आणि त्याची आई कोंडाबाई राहायची. तिच्या आठ-दहा कोंबड्या होत्या. सर गंगारामच्या हातचं पाणी पीत नसत. त्यांचा तांब्या वेगळा होता आणि तो मी भरावा असा दंडक होता. पण कोंडाबाईची गावरान अंडी मात्र दर शनिवारी त्यांच्या घरी जात. मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "अंड्याला कवच असतं. आतल्याला काही लागत नाही." पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवणारा माणूस हे बोलला, आणि हसलासुद्धा नाही.

आता कासवं. आमच्या भागात विहिरीत कासव सोडायची पद्धत आहे. ते पाण्यातली घाण, किडे, मेलेला बेडूक खातं आणि विहीर स्वच्छ राहते, असं लोक मानतात, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा ही मऊ पाठीची कासवं तळाच्या चिखलात रुतून बसली. गाळ काढायला उतरलेल्या माणसांच्या फावड्याला ती लागत. गंगारामनं वाशीच्या बाजूनं अशी कासवं गोळा केली. ओल्या गोणपाटात गुंडाळून, यष्टीत मांडीवर घेऊन, कंडक्टरच्या शिव्या खात आणली. सरांनी आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात लिहिलं, 'प्रस्तुत संशोधकाने स्वतः विहिरींत उतरून नमुने संकलित केले.' प्रस्तुत संशोधक एकदाच बरोबर गेले होते आणि चिंचेखाली खुर्ची टाकून बसले होते.

लॅबच्या मागं सिमेंटचे सहा हौद बांधले. सरांनी नरांची नावं ठेवली: विक्रमादित्य, शालिवाहन, पुलकेशी. माद्यांना नंबर दिले. वर्गात तीन मुली होत्या, त्यांच्यासमोर ते सांगत, "मादी म्हणजे जमीन. जमिनीला कोण विचारतो? पेरलं कुणी ते विचारा." मुली वहीत बघत. गंगारामनं मात्र, सर नसताना, माद्यांची नावं ठेवली होती. चार नंबरची होती तिच्या पाठीवर चंद्रकोरीसारखा पांढरा डाग होता, म्हणून ती चंद्री. त्यानं हाक मारली की ती खरंच वर यायची आणि त्याच्या हातची भाकरी खायची.

"लई गरीब हाय बघा सर," तो मला म्हणायचा, "पर त्येंच्यापुढं नाव काढू नका. म्हंतील, नंबर हाय तिला."

सरांच्या संशोधनाचा विषय होता पितृत्व. एका मादीजवळ महिनाभर एक नर ठेवायचा, मग तो काढून दुसरा ठेवायचा, आणि पिल्लं झाली की ती कुणाची ते सांगायचं. सांगायचं कसं? सरांचा सिद्धांत होता, "शेवटची पाभर ज्याची, पीक त्याचं." म्हणजे पेरणीला जो नर शेवटी गेला तो बाप. शिवाय पिल्लाची शेपटी पाहून ते खात्री करून घेत. अंगठ्याएवढ्या पिल्लाच्या शेपटीत त्यांना आख्खं राजघराणं दिसे.

एकदा हौद धुताना दोन घमेली पिल्लं एकमेकांत मिसळली. गंगारामचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात सर आले. आम्ही घडलं ते सांगितलं. सरांनी बाही वर केली, एकेक पिल्लू शेपटीला धरून उजेडात बघितलं, "हा शालिवाहन. हा पुलकेशी. हा बघ, नाकच सांगतंय, शालिवाहन," असं करत दोन मिनिटांत दोन घमेली भरून दिली. बरोबर निम्मी-निम्मी. ते गेल्यावर गंगाराम म्हणाला, "सरांची नजर लई दांडगी." तो थट्टा करत होता की नाही, ते मला आजवर उमगलेलं नाही.

त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात कर्तबगार माणूस दोनच गोष्टी काढायचा, विहीर नाहीतर सोसायटी. सरांनी सोसायटी काढली. कासव पैदास व पुरवठा सहकारी संस्था. कॉलेज चालवणाऱ्या आमच्या संस्थेचे चेअरमन तिचेही चेअरमन झाले, कारण चेअरमन झाल्याशिवाय त्यांना करमत नसे. दुष्काळात विहिरींतली कासवं मेली होती, लोकांना हवीच होती, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. पण सरांनी प्रत्येक पिल्लाबरोबर छापील कार्ड द्यायला सुरुवात केली. त्यावर बापाचं नाव, आज्याचं नाव, खाली सरांची सही. आईचा रकानाच नव्हता. उद्घाटनाला सोनारीकडचा एक म्हातारा शेतकरी आला होता. त्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"साहेब, ह्ये घान खातंय न्हवं?"

"बाबा, हे विक्रमादित्याचं पिल्लू आहे," सर म्हणाले.

"आसंल की. पर माझी हीर काय दरबार न्हाय."

मंडप हसला. सर हसले नाहीत. त्या म्हाताऱ्याला पिल्लू मिळालं नाही.

प्रबंधाला मार्गदर्शक होते ते विद्यापीठातले, बरे गृहस्थ. त्यांनी सुचवलं की एक मादी नराशिवाय अगदी एकटी ठेवा, म्हणजे तुलना होईल. सरांनी चंद्रीला निवडलं. आदल्या उन्हाळ्यात तिच्याजवळ दोन नर राहून गेले होते. श्रावणात तिला एकटीला सहाव्या हौदात टाकलं, वर जाळी, जाळीला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. पहिल्या थंडीत तिनं अंडी घातली, पण त्या हौदात वाळूच नव्हती. अंडी पाण्यात पडली आणि कुजली. सर खूश झाले. नर नाही तर पिल्लू नाही, असं त्यांनी लाल शाईनं लिहून ठेवलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत सर चार दिवस हैदराबादला सासुरवाडीला गेले आणि पाणी बदलायला किल्ली गंगारामजवळ देऊन गेले. गंगारामनं पाणी बदललं. आणि आपल्या मनानं कोपऱ्यात चार घमेली वाळूही टाकली. मला म्हणाला, "गेल साली बिचारीनं पान्यात टाकली. बाळतीन बाईला कोपरा तरी नगो व्हय?" त्या थंडीत चंद्रीनं वाळूत अंडी घातली. सर म्हणाले, वांझ आहेत, पडू दे. मृग लागला, चार शिंतोडे पडले, आणि एका सकाळी वाळूतून सात पिल्लं बाहेर आली. मार्गदर्शक पुढच्याच आठवड्यात यायचे होते.

ती सकाळ मला अगदी नीट आठवते. सर हौदापाशी उभे, शेजारी मी, समोर गंगाराम. शनिवार होता म्हणून कोंडाबाई अंड्यांची टोपली घेऊन आलेली.

"दिवाळीत तू हिच्यात नर सोडलास," सर म्हणाले.

"न्हाय सर. आईची आन. म्या जाळी उचलून पानी बदललं, वाळू टाकली आन् लगीच कुलूप लावलं."

"वाळू कुणाला विचारून टाकलीस?"

तेव्हा कोंडाबाई बोलली. तिला वाटलं, साहेबांना एक साधी गोष्ट ठाऊक नाही, ती सांगितली की भांडण मिटेल.

"आवं साहेब, नर कशाला सोडाय लागतोय? माघात पावनं आलं म्हून म्या कोंबडा कापला. गल्लीत दुसरा कोंबडा न्हाय. तरी म्होरं धा-बारा रोज घातलेल्या अंड्यांतनं पिल्लं निघाली. बी पोटात ऱ्हातंय की. कोंबडीच्या ऱ्हातंय, तर हिच्या का न्हाय ऱ्हानार?"

मी एम.एस्सी. झालेला माणूस. त्या बाईचं वाक्य संपेपर्यंत माझ्या पायाखालची फरशी सरकली. बी जर सव्वा-दीड वर्ष मादीच्या पोटात राहत असेल, तर शेवटचा नर तोच बाप, याला काही अर्थच उरत नव्हता. पिल्लं आधीच्या नराची असतील, दोघांचीही असतील, किंवा वाशीच्या कुठल्या विहिरीत चिखलात मेलेल्या बिननावाच्या नराची असतील. विक्रमादित्य, शालिवाहन, कार्डं, प्रबंध, सगळं त्या टोपलीतल्या अंड्यांपुढं संपलं होतं. सरांनी झर्रकन माझ्याकडं पाहिलं. मला कळलं का, हे त्यांना बघायचं होतं. मी हौदात बघत राहिलो.

"बाई," सर म्हणाले, "कोंबडीचं शास्त्र कोंबडीपाशी. टोपली ठेव आणि जा."

टोपली ठेव म्हणाले. अंडी हवीच होती.

दुपारी त्यांनी खण उघडला. आठ वर्षं पडलेला कागद बाहेर आला. गंगाराम दारात होता. एका क्षणापुरतं त्याला वाटलं असणार, आता सही होतेय. सरांनी त्यावर लिहिलं, 'निष्काळजी व अविश्वासू. शिफारस नाही.' मग एक वेगळा कागद माझ्यापुढं सरकवला. त्यात, अटेंडंटने मादीच्या हौदात नर सोडल्याचे कबूल केले, असा मजकूर होता. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव टाइप केलेलं. मीही टेम्पररीच होतो. मी सही केली. सरांबद्दल मी जे जे लिहितो आहे ते ही सही लक्षात ठेवूनच वाचावं.

त्या जूनला गंगारामची ऑर्डर निघाली नाही. सात पिल्लांच्या कार्डांवर सरांनी बापाचं नाव पुलकेशी लिहिलं आणि ती सोसायटीत देऊन टाकली.

अटेंडंट नाही म्हणून कपाट पुसायचं काम माझ्याकडं आलं. तिथं सरांचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता, प्रबंधाच्या संदर्भांत पहिल्या नंबरवर दिलेला. त्याची पानं कडेला अजून जोडलेलीच होती, कुणी कापलीच नव्हती. मी पट्टीनं कासवांचं प्रकरण कापलं. चौथ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की मादी कासव नराचं बीज वर्षानुवर्षं पोटात सांभाळतं, आणि एकाच वेळच्या अंड्यांना एकाहून जास्त बाप असू शकतात. मी ते पान सरांपुढं धरलं. सरांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. "परदेशी कासवं," म्हणाले. "त्यांच्याकडे माणसांचंही तसंच असतं."

त्या दिवशी मी त्यांना मूर्ख म्हणून सोडून दिलं. मूर्खावर रागावण्यात अर्थ नसतो, आणि मला राग सोसवतही नव्हता. डॉक्टरेट त्याच वर्षी मिळाली. चेअरमननी शाल-श्रीफळ दिलं, गावात फलक लागले. भाषणात सर म्हणाले की, उत्तम प्रजेसाठी उत्तम पिता हवा. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

पुढच्या उन्हाळ्यात वाशीच्या बाजारात मला कोंडाबाई दिसली, अंडी घेऊन बसलेली. गंगाराम रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होता. मला वाटलं, म्हातारी शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. ती म्हणाली, "बरं हाय का मास्तर?" मग म्हणाली, "गंगाराम इच्यारत हुता. चंद्रीला भाकर कोन घालतंय?" मी म्हटलं, सरांनी तिला घरी नेलीय. मला तिथं उभं राहवेना.

जूनमध्ये मला दुसरीकडं नोकरी मिळाली. जाताना निरोप घ्यावा म्हणून एका सकाळी मी सरांच्या घरी गेलो. पुढचं दार बंद होतं, म्हणून बाजूच्या बोळातून परसात शिरलो. तिथं सरांनी एक हौद बांधून घेतला होता. वर जाळी, जाळीला तेच कुलूप, आता उघडलेलं. सर बनियन आणि धोतरावर उकिडवे बसले होते. त्यांना उकिडवं बसलेलं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. हातात खुरपं. हौदाच्या कोपऱ्यातली वाळू उकरून ते एकेक अंडं बाहेर काढत होते आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होते. डबा पाण्यानं भरलेला होता. चंद्री दुसऱ्या कोपऱ्यात मान आत ओढून बसली होती.

मला बघून ते दचकले. मग म्हणाले, "वांझ आहेत. घाण होते, म्हणून काढतोय."

तेवढ्यात खुरप्याचा कोपरा एका अंड्याला लागला. कवच फुटलं आणि आतून ओलं, जिवंत पिल्लू वाळूवर आलं. आधी एक पाय हलला, मग मान. तिला एकटीला ठेवून आता जवळजवळ तीन वर्षं होत आली होती. सरांनी आणि मी, दोघांनी त्या पिल्लाकडं पाहिलं. वांझ अंडी कुणी पाण्यात बुडवत नाही. या माणसाला सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. हौदापाशी कोंडाबाई बोलली त्या सकाळपासून ठाऊक होतं. मूर्ख असता तर मी आजही सोडून दिलं असतं.

सात वर्षांत मी त्यांना कधी उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी तोंडातून निघालं, "कुणाचं हो, सर?"

त्यांनी सवयीनं पिल्लू शेपटीला धरून उचललं, उजेडाकडं नेलं. मी वाट बघत होतो. विक्रमादित्य म्हणतील, नाहीतर पुलकेशी. सरांचे ओठ हलले.

"चंद्रीचं," ते म्हणाले.

हे नाव गंगारामनं ठेवलेलं. सरांसमोर ते कधीच कुणी उच्चारलं नव्हतं. दाराआड उभं राहून त्यांनी किती दिवस ऐकलं असेल, कोण जाणे.

मग त्यांनी ते पिल्लू डब्यात टाकलं, झाकण दाबून बसवलं, आणि घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "अगं, चहा ठेवू नकोस. हा निघालाय."